माझी मुलं बुधवारी वाढतात

बुधवार, ८ जानेवारी

सुट्ट्या भागांच्या दुकानदाराने डेपोत सगळ्या ड्रायव्हरांना डायऱ्या वाटल्या. बाकीच्यांनी त्या घरी नेऊन पोरांना चित्रं काढायला दिल्या. मी म्हटलं, आपण लिहावं. सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी यांच्यामध्ये जो लांबलचक खंड पडतो, त्यात मी नाहीतरी काय करते? घर इतकं लांब की जाऊन येईपर्यंत वेळ संपतो. रिकाम्या बसच्या शेवटच्या बाकावर पाय पसरायचे आणि छताकडे बघायचं. त्यापेक्षा हे बरं. आज मात्र सुट्टी, म्हणून घरीच बसून लिहितेय.

सुरुवात करायला कारणही चांगलं मिळालं. मोठीचा वरचा दात आज पडला. पडला म्हणजे मी पाडला. दोरा तिने आणि तिच्या बाबांनी आधीच बांधून ठेवला होता. मोठी म्हणाली, "आई, तू बघू नकोस, तुला कसंतरी होतं. डोळे मीट आणि नुसतं ओढ." मी ओढलं, तर लोण्यातून केस निघावा तसा दात बाहेर. रक्ताचा थेंब नाही. बारक्या लगेच नाचायला लागला. बसचं स्टिअरिंग फिरवून हात राकट झालेत असं मला वाटायचं, पण हलका आहे म्हणायचा माझा हात.

एक गोष्ट मी डेपोत सगळ्यांना सांगत असते. बारक्याने पहिलं पाऊल टाकलं तो बुधवार. मोठीने गोष्टीच्या पुस्तकातली पहिली ओळ वाचली तो बुधवार. पाण्यात तोंड घालायला घाबरायची, ती भीती गेली तोही बुधवार. आठवड्यातून एक दिवस मी घरी असते आणि नेमकं त्याच दिवशी सगळं घडतं. माझी मुलं बुधवारी वाढतात. बाकीचे दिवस नुसती जेवतात आणि भांडतात.

शुक्रवार, १० जानेवारी

डेपो मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. त्याला आम्ही मागे 'टाइमटेबल' म्हणतो, कारण तो हसतोसुद्धा ठरल्या वेळी. म्हणाला, वेळापत्रकाचं टेबल रिकामं होतंय, तुम्ही जुन्या आहात, पहिला हक्क तुमचा. नऊ ते तीन काम. मुलं शाळेतून यायच्या आत घरी.

मी म्हटलं, "साहेब, मी गाडी चालवणारी बाई. उंटावरून शेळ्या हाकायला मला जमेल का?"

"शेळ्या नाहीत, बसगाड्या आहेत," तो म्हणाला. "आठवड्याभरात सांगा. नाहीतर दुसऱ्याला देईन."

खंडात नुसता हाच विचार. गाडी मला आवडते हे कशाला नाकारू? बाजाराच्या वळणावर एवढं मोठं धूड दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून काढते, तेव्हा मागचे प्रवासी बोलायचे थांबतात. ते मला टेबलावर कोण देणार? पण नऊ ते तीन म्हटल्यावर मन टोचायला लागलंच. बुधवार सोडला तर शाळेतून आलेली पोरं मी कधी बघितलेलीच नाहीत. मी बघते ती आंघोळ करून, केस विंचरून बसलेली.

सोमवार, १३ जानेवारी

नवऱ्याला टेबलाचं सांगितलं. तो घरीच शिलाई मशिनं दुरुस्त करतो, म्हणून तर माझी नोकरी चालते. एका मशिनचं पोट उघडून बसला होता. त्याने तेलाची बुधली उघडली, परत लावली.

"तुला काय वाटतं?" शेवटी त्यानेच मला विचारलं.

"मला वाटतं, माझ्यामागे पोरं मोठी होऊन जातील आणि मला पत्ता लागणार नाही."

"तुझं आजपर्यंत काय चुकलंय?"

मी आठवून बघितलं. पाऊल, वाचन, पोहणं, दात. खरंच काही चुकलं नव्हतं. तसं म्हणाले त्याला.

"मग झालं तर. आणि तू चाकामागून उतरलीस तर आठ दिवसांत आमच्या डोक्यावर बसशील."

मला हसू आलं. पलीकडे मोठी गणितं करत होती, तिची पेन्सिल थांबली होती. वजाबाकी अडली असेल म्हणून मी जवळ गेले, तर सगळी गणितं सोडवून झालेली.

ठरलं. नको ते टेबल.

गुरुवार, १६ जानेवारी

साहेबाला नाही सांगून आले. टेबल घंटाबाईने घेतलं. ती माझ्याच गाडीवर कंडक्टर आहे. प्रत्येक थांब्यावर दोनदा घंटा वाजवते, जसा काही ड्रायव्हर बहिरा आहे. तिची मुलगी लहान आहे. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाई गं, तू वेडी आहेस, पण तुझे उपकार झाले."

मी म्हटलं, "माझी मुलं शहाणी आहेत. आईच्या सुट्टीचा दिवस बघून वाढतात."

बुधवार, २२ जानेवारी

बारक्याने आज बुटाची नाडी बांधली. एकट्याने. सुरू करण्याआधी बाबाकडे बघितलं, बाबा छताकडे बघत होता. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा बसली, आणि लगेच माझ्याकडे मान वर. पाच वर्षांचं पोर, पण कलाकार आहे नुसता. मी त्याला उचलून घरभर फिरले. टेबलाला नाही म्हटल्याचं जे थोडं खुपत होतं, ते आज गेलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डेपोत येऊन गाडी लावली आणि तशीच सीटवर बसून लिहितेय.

मोठा रस्ता खोदलाय. आजपासून आमची संध्याकाळची फेरी शाळेच्या मागून वळवली. तिथे एक बाग आहे, आमची. म्हणजे मुलांची. सिग्नलला गाडी उभी राहिली आणि काचेतून समोर बघते तर बारक्या सायकल चालवतोय. मागची दोन छोटी चाकं काढलेली. बागेला पूर्ण वळसा घालून, एक हात सोडून, मोठीला काहीतरी ओरडून सांगत चाललाय. नवरा बाकावर बसून सफरचंद कापत होता. त्याचं लक्षही नव्हतं, इतकं ते नेहमीचं होतं.

माझं पोर सायकल चालवतंय. मला ओरडावंसं वाटलं, हॉर्न वाजवावासा वाटला. मागे सगळी गाडी भरलेली. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी कलकलाट केला, मी गिअर टाकला. पुढच्या थांब्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, डोळ्यात काही गेलं का?" हो म्हटलं.

आनंदच झाला होता. आनंदच. घरी गेल्यावर सांगतील.

शनिवार, ८ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

काल घरी गेल्यावर मी विचारलं, "काय केलंत आज?" तिघेही एका सुरात म्हणाले, "काही नाही."

मग माझी ट्यूब पेटली. बुधवारी मला दाखवून चकित करायचं असणार. लबाड कुठले. म्हटलं, दाखवू दे. पण सकाळच्या फेरीत ते 'काही नाही' डोक्यातून जाईना. तिघांचा सूर इतका जुळला कसा, ते कळेना. आमच्या घरात साधं जेवायला काय करायचं यावर तिघांचं एकमत होत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बागेत गेलो. नवऱ्याने माझ्यासमोर पाना काढून छोटी चाकं सोडवली. म्हणजे त्याने ती पुन्हा बसवली होती. माझ्यासाठी, मुद्दाम. मी बाकावर बसून बघत राहिले.

"बाबा, सोडू नका हं," बारक्या म्हणाला. आवाज थरथरता.

"नाही सोडत," नवरा म्हणाला. सीट धरून धावायला लागला.

"पडेल, पडेल," मोठी दोन्ही हात गालावर ठेवून.

आणि तो पडला. गवताकडच्या बाजूला, आधी हात टेकवून, हळूच. उठला, डोळे चोळले. दुसऱ्यांदा थोडा लांब गेला आणि डगमगला. तिसऱ्यांदा नवऱ्याने सीट सोडली, श्वास रोखला, आणि बारक्या गेला. लगेच माझ्याकडे वळून, "आई, बघ, मला येते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात. इतकी सफाई एका सायकलीने येत नाही. कोणी कधी पडायचं, कोणी कधी ओरडायचं, कोणी कुठे बघायचं, सगळं ठरलेलं. हे पहिल्यांदा करत नव्हते ते. मला दात आठवला. रक्ताचा थेंब नव्हता त्याला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल संध्याकाळी मोठीचे केस विंचरताना विचारलं. मला वाटलं होतं रडेल, नाकारेल. कसलं काय. फणी ओढली की मान मागे करत शांतपणे सांगत होती.

"दात कधी पडला होता?"

"सोमवारी. शाळेत. बाबांनी दोरा बांधून दिला आणि मी तो गालात धरला. म्हणून तुला डोळे मिटायला सांगितलं."

"आणि पाण्याची भीती?"

"ती तर केव्हाच गेली होती. तू येणार होतीस म्हणून मी परत घाबरले."

"वाचन?"

"आई, तेव्हा मी ते पूर्ण पुस्तक वाचत होते. तुझ्यासमोर पहिलीच ओळ अडखळत वाचली." मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "तू दमून येतेस ना. म्हणून सगळं बुधवारसाठी ठेवतो. आधी पडायचं, मग जमायचं, आणि जमलं की तुझ्याकडे बघायचं. बारक्या आधी विसरायचा, बाबांकडे बघायचा."

मी वेणी घातली. वाकडी झाली, ती काही बोलली नाही.

सगळं शिळं होतं. मला ऊन करून वाढत होते आणि मी बोटं चाटत होते. डेपोभर सांगत फिरले, माझी मुलं बुधवारी वाढतात. लोक तोंडावर हसले नाहीत एवढंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल मुलं खाली खेळत होती तेव्हा नवऱ्याला धरलं.

"केव्हापासून चाललंय हे?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही. "बारक्या चालला तेव्हापासून."

"तो बुधवारी चालला."

"शनिवारी चालला. खिडकीपासून माझ्या मशिनपर्यंत."

"मग बुधवारपर्यंत काय केलंत?"

"उभा राहिला की खाली बसवायचो."

मला आधी हसू फुटलं, खरंच, आणि मग इतका संताप आला की टेबलावरची बुधली मी भिंतीवर मारली. तेल सगळीकडे. ज्या लेकराला पाय फुटले त्याला माझ्या नावाने खाली बसवत होता हा माणूस.

"तू रडायचीस," तो म्हणाला. "मोठी पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली ते तुला सांगितलं, तर बाथरूममध्ये नळ सोडून रडलीस. मला ऐकू येत होतं. परत तसं नको म्हणून केलं."

"आणि टेबल? तुला विचारलं होतं मी. तुला सगळं माहीत होतं आणि तू मला म्हणालास, तुझं काय चुकलंय."

"तू टेबलावर सुकून गेली असतीस."

"ते मी ठरवलं असतं. खरं माहीत असतं तर मी ठरवलं असतं."

त्याने फडकं शोधलं. गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या कोणी केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. हा तर माझा चहाचा कप मला ऊब लागावी म्हणून आधी गरम पाण्याने विसळून ठेवणारा माणूस. आता त्या कपाचाही भरवसा वाटेना.

जाता जाता मी विचारलं, "शनिवारी तो चालला ते कोणाला सांगितलंस तेव्हा?"

"कोणाला सांगणार? तुझी ड्युटी होती." फडक्याने भिंत पुसत होता. "कोणालाच नाही. मी आणि तो, दोघंच बसलो हसत. मग त्याला खाली बसवला."

मला त्याची दया यावी म्हणून बोलला असेल. नाही आली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

टाइमटेबलकडे गेले. म्हटलं, साहेब, ते टेबल.

"तुम्हीच नको म्हणालात," तो म्हणाला. हसायची वेळ नव्हती, हसला नाही. "आता निदान दोन-तीन वर्षं तरी काही हलणार नाही."

बाहेर येताना काचेतून घंटाबाई दिसली. टेबलाच्या काचेखाली मुलीचा फोटो सरकवत होती. "काय गं, आज इकडे?" म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं.

दोन-तीन वर्षांत बारक्या शाळेत एकटा जायला लागेल. मोठीला मी लागणार नाही. मला जे बघायचं होतं ते तोवर संपलेलं असेल, आणि माझ्याच नवऱ्याने माझ्या तोंडून नाही म्हणवून घेतलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज बागेत जायचं नाही म्हणून सांगितलं. तिघांना समोर बसवून कायदा केला. नाटकं बंद. जे घडेल ते ज्या दिवशी घडेल त्याच दिवशी मला सांगायचं. खरं खरं.

नवऱ्याने मान हलवली. मोठी म्हणाली, "बरं." बारक्या रडायला लागला. "मग बुधवारी तुला काय दाखवायचं?"

मी त्याला जवळ ओढलं. "मी नुसती बसेन तुझ्याजवळ," म्हटलं. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

सोमवार, ३ मार्च

कायदा चाललाय. दारात बूट काढायच्या आत बातम्या सुरू होतात. आई, आज मी एकटी दुकानात जाऊन पाव आणला. आई, आज मी अंडं फोडलं आणि कवच आत पडलं नाही. आई, आज मी सगळ्या वर्गासमोर बोलले आणि पाय थरथरले नाहीत.

"वा," मी म्हणते. "शाब्बास."

मागून घेतलेलं दुखणं आहे हे, तक्रार कोणाकडे करू? रोज संध्याकाळी कोणीतरी हळूच थोबाडीत द्यावी आणि आपण आभार मानावेत, असं झालंय. पूर्वी निदान दुधाची तहान ताकावर भागत होती. आता मला नुसतं सांगतात की दूध होतं, संपलं, छान होतं.

बारक्या बोलताना माझ्या तोंडाकडे बघत राहतो. काल मध्येच थांबला आणि म्हणाला, "तू चिडलीस?"

"नाही रे. चिडेन कशाला?"

खरं लिहायचं तर मला खोटंही नको आणि खरंही नको. मला तिथे असायचं होतं.

शुक्रवार, ७ मार्च

काल जिना चढताना शीळ ऐकू आली. नुसती हवा, हवा, आणि मध्येच एक स्वच्छ सूर. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी असेल असं वाटलं. दाराशी आले तर आवाज आमच्याच घरातून. मग मोठीचा आवाज, "ओठ अजून बारीक कर." आणि पुन्हा शीळ, लांब, खणखणीत.

किल्ली हातात धरून मी तिथेच उभी राहिले. किती आनंदात होता तो, बाहेरही कळत होतं. मी किल्ली फिरवली आणि शीळ थांबली.

बारक्या धावत आला. मी बूट काढले. तो गप्प. मी बूट जागेवर ठेवले. तरी गप्प.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"आज काही नाही झालं," तो म्हणाला. आणि वर माझा हात धरून, "खरंच. काहीच नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "शपथ घेतो, मी त्याला काही सांगितलेलं नाही."

त्याचं हे मला पटलं. म्हणूनच जास्त लागलं. नवऱ्याने फसवलं तेव्हा भांडायला समोर माणूस होता. इथे पाच वर्षांच्या पोराने रोज माझं तोंड वाचलं आणि आपलं आपण ठरवलं की हिला खरं झेपत नाही.

बुधवार, १२ मार्च

जेवणं झाल्यावर बारक्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. "आई, मला शीळ येते का बघू या."

गालात हवा भरून फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, थुंकी उडाली. खांदे पाडले, खाली बघितलं. त्याला हे सगळं कोणी शिकवावं लागलं नाही. तिसऱ्यांदा सूर आला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

कायदा मीच केला होता. मी म्हणू शकले असते, राजा, मी दाराबाहेर ऐकलंय. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तो श्वास धरून उभा होता, पायाची बोटं आत वळवून.

मी टाळ्या वाजवल्या. त्याला उचललं. "अरे, हे कधी शिकलास?"

"आत्ताच," तो म्हणाला. "तुझ्यासमोर." आणि इतका खूश झाला की माझ्या कानात शीळ घालून मला बहिरं केलं. मग बाबाला दाखवायला पळाला, जसं काही बाबाला माहीतच नव्हतं.

मी भांडी विसळत होते, मोठी पुसत होती. एक ताट पुसून झालं, दुसरं घेतलं.

"आई, तुला माहीत होतं ना?"

तिच्याशी खोटं बोलून उपयोग नव्हता. "हो."

"मला कळलं. तू लगेच टाळ्या वाजवल्यास." ताटाची कड ती नीट पुसत होती. "आधी थोडं थांबायचं असतं. मग तोंड उघडायचं. टाळ्या शेवटी. बारक्याला आत्ता नाही कळलं, पण पुढे कळेल त्याला."

मी नळ बंद केला.

"करून दाखव बरं," ती म्हणाली.

मी ओल्या हातांनी तिच्यासमोर उभी राहिले. थोडं थांबले. तोंड उघडलं. मग टाळ्या वाजवल्या.

तिने मान तिरकी करून बघितलं. "आता बरं जमलं," म्हणाली, आणि फडकं माझ्या हातात देऊन खेळायला गेली.